स्पिटफायरला २५ मिमीचे स्पेसर आणि मोठे ब्रेक: बसवू की नको?

मामाचीगाडी
नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे, सांभाळून घ्या.

माझ्या मामांकडे ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ आहे, १९६८ ची. त्यांनी ती सत्तरच्या दशकात मुंबईत जुनी म्हणून घेतली होती. गेली बावीस वर्षं ती संभाजीनगरला आमच्या वाड्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. दोन वर्षांपूर्वी मी ती बाहेर काढली. १२९६ सीसीचं इंजिन आता घड्याळासारखं चालतं. कागदपत्रं मामांच्या नावावर आहेत आणि जिवंत आहेत.

अडचण ब्रेकची आहे. मागच्या महिन्यात कन्नडचा घाट उतरत होतो. निम्म्या घाटात जळका वास सुटला आणि पेडल मऊ होऊन खाली गेलं. दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक ओढत कशीबशी उतरवली. सपाटीवरही जोरात ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. शिवाय ऊस तोडणीच्या दिवसांत आपल्याकडे रात्री रस्त्यावर काय काय उभं असतं, ते इथं सांगायला नको. बिनलाईटची ट्रॉली चाळीस मीटरवर दिसली तर ही गाडी थांबेल याची मला खात्री नाही.

म्हणून डोक्यात असं आलं की पुढं मोठ्या डिस्क आणि मोठे कॅलिपर (डिस्कला चिमटा घेणारा भाग) बसवावेत. त्यासाठी १४ इंची अलॉय बघितले. स्पिटफायरचा पीसीडी (चाकाच्या बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मिमीत) ४×९५.२५ आहे आणि आपल्याकडे मिळणारे अलॉय ४×१००. एका वर्कशॉपनं २५ मिमीचे अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅडॉप्टर स्पेसर, म्हणजे हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) आणि चाक यांच्या मधे घालायच्या जाड चकत्या, बनवून दिलेत. बसवायचे बाकी आहेत. चाकं बाहेर आली की गाडी रुंद दिसेल आणि वळणावर घट्ट बसेल, असं त्यांचं म्हणणं. बसवू का?

लातूरचाहेरॉल्ड
भावा, आधी गाडीचा फोटो टाक. प्रश्न नंतर.

कापूसकोंडा
फोटो +१. स्पिटफायर संभाजीनगरात आहे हेच आज कळलं!

मामाचीगाडी
टाकले आहेत, पहिल्या पोस्टच्या खाली. बॉनेट उघडलेला फोटो मामांनी काढलाय. अख्खं नाक पुढं कलतं ते बघून शेजारची पोरं रोज येतात.

लातूरचाहेरॉल्ड
काय गाडी आहे राव! आमच्या वडिलांची स्टँडर्ड हेरॉल्ड होती. तिचं बॉनेटसुद्धा असंच अख्खं पुढं उघडायचं. दोघी बहिणीच ना. मिकेलोत्तीचं डिझाईन, आणि स्पिटफायरची चेसिस हेरॉल्डचीच आखूड करून केलेली. आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला ९४८ सीसीच्या हेरॉल्ड बनायच्या. लातुरात त्या काळी डॉक्टर आणि वकील लोकांकडं दोन-चार होत्या. गल्लीत एका दमात वळायची. २५ फुटांत गोल फिरणारी दुसरी गाडी मी बघितली नाही.

तेच सांगायला आलो. स्पिटफायरचं पुढचं चाक फुल लॉकला (स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर) किती वळतं ते जॅक लावून बघ. त्यात रुंद टायर घालून चाक बाहेर काढलंस तर ते कुठं ना कुठं घासणारच.

लेथमास्तर
वाळूजला तीस वर्षं टर्निंग केलंय, तेवढ्यापुरतंच बोलतो.

अ‍ॅडॉप्टर कशाचे आहेत? ६०६१-टी६ (मजबूत मिश्रधातू) की भंगार वितळवून ओतलेले? नुसतं "अ‍ॅल्युमिनियम" म्हणजे काहीच कळत नाही. बिलेटमधून (घन ठोकळ्यातून) टर्न केलेला तुकडा आणि ओतलेला तुकडा रंगानं सारखेच दिसतात. ओतलेल्याच्या आत बारीक पोकळ्या राहतात आणि तडा तिथूनच सुरू होतो.

दुसरं, हबवर बसणारं मधलं भोक हबच्या मापाला आहे का? आणि बाहेरच्या बाजूला अलॉयच्या मधल्या भोकात जाणारी कडा काढली आहे का? दोन्ही असेल तर चाक हबवर मध्यभागी बसतं. नसेल तर चार नटांनीच ते मध्यभागी आणायचं. मग ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरलं की लोक बॅलन्सिंगला पैसे घालत बसतात.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. स्टड गाडी उचलून धरत नाही, तो चाकाला हबवर दाबून धरतो. वजन त्या दाबामुळं होणाऱ्या घर्षणावर पेललं जातं. दोन फेसच्या मधे रंग, गंज किंवा बर (कापल्यावर राहिलेली धारदार कडा) असेल तर पन्नास किलोमीटरमधे ती घाण दबते, दाब जातो, नट ढिला होतो आणि मग स्टड कापला जातो. लोक म्हणतात स्टड कच्चा होता. स्टड कच्चा नसतो, फेस घाण असतो.

परभणीचीप्राध्यापिका
लेथमास्तरांच्या तिसऱ्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मी मेकॅनिकल शिकवते. विद्यार्थ्यांना हे पटवून देण्यात अर्धा तास जातो.

त्यात थोडी भर घालते. या गाडीचे स्टड ३/८ इंची यूएनएफ (बारीक इंची आटे) असतात, इंचाला २४ आटे. म्हणजे एक आटा साधारण १.०६ मिमी. स्टडच्या व्यासाइतकी, म्हणजे साडेनऊ मिमी पकड हवी असं धरलं तर नट किमान नऊ फेरे बसला पाहिजे. काही जण नुसता ५ मिमीचा चपटा स्पेसर मधे घालतात. तसं केलं की जवळपास पाच फेरे गेले. नट घट्ट लागतो, हाताला सगळं बरोबर वाटतं, आणि पकड मात्र निम्मी. तुमचा २५ मिमीचा अ‍ॅडॉप्टर स्वतःच्या नटांनी हबला बसणार असल्यामुळे त्याला ही अडचण नाही. पण हबवरचे ते आतले नट अ‍ॅडॉप्टरच्या खोबणीत पूर्ण बुडतात का, हे बघाच. वर राहिले तर चाक फेसवर टेकणारच नाही.

बीडबायपास
एवढा विचार कशाला करायलाव? मह्या गाडीला चार वर्षं झाली स्पेसर लावून. काही झालं नाही. मस्त रुंद दिसती.

लेथमास्तर
तुमची गाडी कोणती, भाऊ?

बीडबायपास
बोलेरो.

लेथमास्तर
तिचा हब, बेअरिंग आणि स्टड या गाडीच्या किती पट जाड असतील ते तुम्हीच बघा. स्पिटफायर रिकामी साडेसातशे किलोच्या आतबाहेर भरते. तिचे सगळे अवयव त्याच हिशोबानं बारीक आहेत.

बीडबायपास
हे मात्र खरं हाय. तिचा हब मी बघितला नव्हता.

चालुक्य_नांदेड
मला थोडं वेगळं म्हणायचंय. स्पेसर म्हटलं की सगळे अंगावर येतात, पण स्पेसरची जाडी एकटी बघून चालत नाही. रिमचा ईटी बघा. चाक बसण्याचा फेस रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, तो आकडा म्हणजे ईटी. समजा नव्या अलॉयचा ईटी ३८ आहे आणि मधे २५ चा अ‍ॅडॉप्टर घातला, तर झाला ईटी १३. आता मूळ रिमचा ईटी मोजा. फरक जितका निघेल, तितकंच चाक खरं बाहेर गेलं. तो फरक पाच-सात मिमी असेल तर बेअरिंगला विशेष कळणारही नाही. बोंब होते ती मूळ रिमवरच २५ चा स्पेसर लावल्यावर. तिथं २५० किलोचा भार २५ मिमी लांब गेला म्हणजे सव्वासहा किलो-मीटरचा जादा मोमेंट कायमचा त्या हबवर, तोही गाडी उभी असताना. खड्डा आला की कितीतरी पट.

म्हणून दादा, सरसकट "नको" असं माझं मत नाही. मोजल्याशिवाय नको.

मामाचीगाडी
अलॉयच्या मागं ३८ च लिहिलंय! मूळ रिम रविवारी मोजतो.

लातूरचाहेरॉल्ड
चालुक्य, बरोबर आहे, पण मागच्या चाकाचं काय? या गाडीला मागं स्विंग अ‍ॅक्सल. हाफशाफ्ट डिफरन्शियलपाशी हलतो आणि चाकाचा कोन त्याच्याबरोबर बदलतो. वळणात घाबरून एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग उचलतो, चाकं आत दुमडतात आणि शेपूट सुटते. पन्नास मिमी ट्रॅक वाढला म्हणून ही खोड जात नाही. कारखान्यानं १९७० च्या मार्क ४ ला पाटा बदलून ती कमी केली. मागचा ट्रॅक १९७३ ला सुमारे दोन इंच वाढवला, तो लांब हाफशाफ्ट घालून. त्यांना स्पेसर माहीत नव्हते असं थोडंच आहे!

मामाचीगाडी
हे मला माहीत नव्हतं. म्हणजे "वळणावर घट्ट बसेल" हे वर्कशॉपवाल्यांचं सांगणं तितकं खरं नाही.

कन्नडघाटवाला
मी तुमच्या त्या घाटाच्या पायथ्याशी राहतो. रोज ब्रेक जळालेल्या गाड्या बघतो. मला एकच विचारायचंय. ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?

मामाचीगाडी
गाडी चालू करताना वरून भरलं होतं. पूर्ण बदललं नाही.

कन्नडघाटवाला
मग झालं. बावीस वर्षांचं पाणी त्यात आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. ताजं डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा धरलेलं १४० ला. डॉट ४ चं तेच २३० आणि १५५. तुमचं तर त्याच्याही खाली गेलं असणार. कॅलिपर तापला, पाण्याची वाफ झाली, पेडल वाफेला दाबत बसलं. थंड झाल्यावर परत कडक झालं ना?

मामाचीगाडी
हो! पायथ्याला चहा घेतला, अर्ध्या तासानं पेडल वर आलं होतं. मला वाटलं डिस्क छोटी आहे म्हणून झालं.

परभणीचीप्राध्यापिका
डिस्क छोटी आहे हेही खरं, ९ इंचच आहे. पण मोठी डिस्क नेमकं काय देते ते बघूया. दोन माणसांसह गाडी ९०० किलो धरा. ताशी ८० वरून थांबवायला २२० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा उष्णतेत जिरवावी लागते. १०० वरून थांबवायला ३४७, म्हणजे दीडपटीहून जास्त. आणि नुसत्या ब्रेकवर २०० मीटर खाली उतरलात तर १७६० किलोज्यूल. ऐंशीवरून लागोपाठ आठ वेळा थांबल्याइतकं. तेही डिस्कला गार व्हायला फारसा वेळ न देता. म्हणून घाटात दुसरा गिअर हाच पहिला ब्रेक.

आता ट्रॉलीचा प्रसंग. एकदाच, जोरात थांबायचंय. सध्याचे ब्रेक चाक लॉक करू शकत असतील तर मोठी डिस्क एका मीटरनंही लवकर थांबवणार नाही, कारण शेवटी गाडीला टायर थांबवतो. म्हणून माझा प्रश्न: टायर कोणत्या साली बनलेले आहेत? बाजूला चार आकडी शिक्का असतो. २३११ म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा.

मामाचीगाडी
आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो. दोनावर ४४०९, एकावर ४५०९, चौथ्यावर शिक्काच दिसत नाही. नक्षी मात्र नव्यासारखी आहे.

चालुक्य_नांदेड
२००९! दादा, नक्षी नवी दिसणारच, गाडी फिरली कुठं? रबर लाकडासारखं झालं असेल. नख दाबून बघा.

१५५/८० आर १३ घ्या. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांना चालतो, जालन्यातसुद्धा मिळेल, आणि साडेचार इंची रिमला नीट बसतो.

लातूरचाहेरॉल्ड
आणि हे टायर बसवताना पुढचे ट्रनियन बघून घे. घरातली गोष्ट सांगतो.

हेरॉल्ड आणि स्पिटफायर दोघींना पुढच्या खांबाच्या (चाक धरणाऱ्या उभ्या भागाच्या) खाली पितळी ट्रनियन असतो. त्यात खांबाचे आटे फिरतात. मॅन्युअलमधे स्पष्ट लिहिलंय की त्यात ईपी ९० गिअर ऑइल घाला. आमच्या वडिलांनी गाडी एका गॅरेजला सर्व्हिसिंगला दिली. तिथं सगळ्या निपलला एकच ग्रीसगन लावली. ग्रीस आत सुकलं, वाट बंद झाली, आटे कोरडे झिजत गेले. औशाच्या अलीकडं चाक आडवं झालं. गाडी हळू होती, आई मागं बसली होती, कुणाला काही लागलं नाही. पण वडील त्या दिवशी रस्त्याच्या कडेला जे गप्प बसले ते मला आजही दिसतं. नंतर त्यांनी गाडी कुणालाच हात लावू दिली नाही. तेलाची छोटी गन माझ्याकडं दिली आणि वहीत तारखा लिहायला लावल्या. ती वही आहे अजून.

चाक जितकं बाहेर, तितका त्या आट्यांवर ताण जास्त. स्पेसरचा विचार त्याच्यानंतर कर.

कापूसकोंडा
काका, त्या वहीचा एक फोटो टाकाल का?

लातूरचाहेरॉल्ड
शोधून टाकतो. वडिलांचं अक्षर फार देखणं होतं.

निजामकालीन
विषयांतर करतो, पण गाडीच्या भल्याचं आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मधे ते आणखी ठामपणे सांगितलं. दुसरं म्हणजे, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळते. त्यासाठी चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात लागतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. मात्र त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांना. तुमची गाडी दोन्हीकडं बसू शकते. काहीही बदलण्याआधी ठरवा कुठं न्यायची आहे, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

मामाचीगाडी
धन्यवाद सर. मामांशी बोलतो. त्यांना ती रस्त्यावरच हवी आहे.

परभणीचीप्राध्यापिका
डावीकडे ओढण्याबद्दल कुणीच बोललं नाही. डावीकडे ओढते म्हणजे उजवा ब्रेक कमी काम करतोय. उजव्या कॅलिपरचा पिस्टन अडकला असेल, नाहीतर रबरी पाइप आतून फुगला असेल. जुना पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो, आतून इतका बंद होतो की दाब जात नाही किंवा गेलेला परत येत नाही. चारही पाइप बदला.

पेडल लांब जात असेल तर मागचे ड्रम बघा. ७ इंची ड्रमला मागच्या प्लेटवर चौकोनी डोक्याचा अ‍ॅडजस्टर असतो. तो हातानंच आवळायचा, आपोआप होत नाही. आणि ड्रम उघडल्यावर धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या शूमधे अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्यानं पुसा.

मोठे कॅलिपर बसवायचेच असतील तर मास्टर सिलिंडरचाही (पेडलच्या जोरानं ऑइल ढकलणारा) विचार करा. कॅलिपरचा पिस्टन मोठा झाला की जास्त ऑइल ढकलायला पेडल आणखी खाली जाणार. समजा मास्टर पाऊण इंचावरून ०.७ वर आणला तर पायाच्या त्याच जोराला दाब १५ टक्के वाढतो, पण पेडल तितकंच जास्त जातं. फुकट काही मिळत नाही. आणि मागचे व्हील सिलिंडर मोठे करू नका. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि ही तर आधीच शेपूट सोडणारी आहे.

चालुक्य_नांदेड
मोठे ब्रेक हवेच असतील तर घरातलाच मार्ग आहे. याच गाडीची सहा सिलिंडरवाली बहीण जीटी६. तिला ९.७ इंची डिस्क आणि मोठे कॅलिपर होते. ते सगळं तिच्या पुढच्या खांबांसकट या गाडीला बसतं. आणि जीटी६ ला चाकं १३ इंचीच होती. म्हणजे ना १४ इंची अलॉय, ना अ‍ॅडॉप्टर.

मामाचीगाडी
थांबा. म्हणजे मी मोठ्या ब्रेकसाठी अलॉय, अलॉयसाठी अ‍ॅडॉप्टर, असं एकातून एक वाढवत गेलो, आणि पहिल्याच पायरीला गरज नव्हती?

चालुक्य_नांदेड
हो. पण तेही आत्ता नका करू. आधी गाडीला तिचे स्वतःचे ब्रेक मिळू द्या. मग घाट उतरून बघा.

कन्नडघाटवाला
आणि ब्रेक ऑइलचं सर्किट एकच असेल तर एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. पैसे घालायचेच असतील तर दुहेरी सर्किटच्या मास्टरमधे घाला. डिस्कच्या आधी ते.

बीडबायपास
वाचायलोय सगळं. उद्या मह्या बोलेरोचे नट बी आवळून बघतो.

लेथमास्तर
ते अ‍ॅडॉप्टर माझ्याकडे आणून द्या, मामाचीगाडी. डायल (बारीक फरक दाखवणारं गेज) लावून बघू. पैसे नाही घेणार, उत्सुकता आहे.

मामाचीगाडी (सात आठवड्यांनी)
मंडळी, उशीर झाला. केलं ते सांगतो.

उजव्या कॅलिपरचा एक पिस्टन जाम होता, गंजानं. दोन्ही कॅलिपर उघडून नवे सील, नवे पिस्टन. चारही रबरी पाइप नवे. डावा मागचा व्हील सिलिंडर गळत होता, तोही बदलला. जुनं ऑइल चहासारखं निघालं, आता डॉट ४ आहे. ड्रम आवळले. ट्रनियनमधून आधी काळं ग्रीस निघालं, म्हणजे आमच्याकडंही कुणीतरी तेच केलं होतं. आटे सुदैवानं चांगले आहेत. साफ करून ईपी ९० भरलं आणि लातूरच्या काकांसारखी एक वही केली. टायर १५५/८० आर १३, मूळ रिमवर. सर्किट एकच आहे, दुहेरी मास्टर शोधतोय.

काम सुरू करण्याआधी शेंद्र्याच्या पुढं एका रिकाम्या रस्त्यावर खडूची रेघ मारून ताशी ६० वरून मोजलं होतं: २७ मीटर, आणि गाडी डावीकडच्या पट्ट्यात. परवा तिथंच मोजलं: १९ मीटर, सरळ रेषेत. तीनदा मोजलं.

मूळ रिमही मोजला. अ‍ॅडॉप्टरसकट अलॉयची मध्यरेषा थोडीच बाहेर जात होती, चालुक्यांचा हिशोब बरोबर निघाला. पण रुंद टायर फुल लॉकला घासत होता, लातूरच्या काकांचंही बरोबर.

लेथमास्तर
अ‍ॅडॉप्टरचं मी सांगतो. चारपैकी दोन ठीक. तिसऱ्याचे दोन फेस समांतर नाहीत, कडेला ०.२२ मिमीचा फरक. चौथ्यात हबचं भोक ०.४ मिमी मोठं. ज्यानं बनवले त्यानं जॉबची एक बाजू केल्यावर तुकडा उलटून परत पकडला आणि डायल लावलीच नाही. दोन मिनिटांचं काम टाळलं. मला याचं फार वाईट वाटलं, कारण धातू चांगला आहे, खरंच ६०६१ आहे.

परभणीचीप्राध्यापिका
२७ वरून १९! एकही मोठा पार्ट न लावता. हे आकडे वर्गात सांगितले तर चालेल का?

मामाचीगाडी
जरूर सांगा.

कन्नडघाटवाला
घाट?

मामाचीगाडी
काल उतरलो. दुसऱ्या गिअरमधे, अधूनमधून ब्रेक. वास नाही, पेडल होतं तिथंच. जीटी६ च्या डिस्कचा विचार तूर्त बाजूला ठेवलाय. उन्हाळ्यात, बेचाळीस डिग्रीत पुन्हा उतरून बघेन आणि इथंच लिहीन.

मामा शेजारी बसले होते. एक्क्याऐंशी वय आहे त्यांचं. वरून खाली येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, डावा हात दारावर. पायथ्याला आल्यावर म्हणाले, "आता मला दे." चाळीसगावच्या फाट्यापर्यंत त्यांनीच चालवली.

लातूरचाहेरॉल्ड
वही सापडली. पहिल्या पानाचा फोटो खाली टाकलाय. १४ मार्च १९७८, "पुढील दोन्ही बाजू, तेल घातले."